चाचेगिरी, आधुनिक

खुल्या समुद्रावर एका खाजगी जहाजातील लोकांनी स्वतःच्या लाभासाठी दुसऱ्या जहाजावर केलेला सशस्त्र हल्ला, लूटमार अथवा जहाज आणि त्यावरील माणसे अडकवून ठेवण्याचे कृत्य यास चाचेगिरी म्हणतात. प्रस्तुत नोंदीत १९७५ नंतरच्या चाचेगिरीचा आणि तिच्या प्रतिबंधासाठी झालेल्या प्रयत्नांचा विचार केला आहे. हा गुन्हा अतिप्राचीन आहे. आधुनिक काळात त्याचे स्वरूप ठरविणारी गोष्ट मात्र चाच्यांचे शौर्य वा क्रौर्य ही नसून राष्ट्राराष्ट्रांच्या अधिकारक्षेत्रांमधील मोकळ्या फटी ही आहे. चाच्यांना पकडणे हे नौदलांना फारसे अवघड गेलेले नाही. पकडलेल्या माणसाचे पुढे काय करावयाचे, त्याच्यावर कोणत्या न्यायालयात, कोणत्या कायद्याखाली आणि कोणाच्या खर्चाने खटला चालवावयाचा, हा प्रश्न अधिक बिकट ठरला आहे.

एकोणिसाव्या शतकात वाफेची जहाजे, वसाहतवादी सत्तांची बलाढ्य आरमारे आणि १८५६ च्या पॅरिस घोषणेने खाजगी युद्धनौकांच्या परवान्यांवर घातलेली बंदी यांमुळे चाचेगिरी पुष्कळ आटोक्यात आली. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर ती दोन महायुद्धांच्या दरम्यानही चालू होती. प्रवाशांच्या वेषात आगबोटीवर चढून वाटेत ती ताब्यात घेणे, ही तेथील टोळ्यांची पद्धत असे. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यास हा विषय इतिहासजमा झाला, असे बहुतेक विधिज्ञ मानू लागले होते. हा समज १९७५ नंतर खोटा ठरला. वसाहतींच्या अस्तानंतर जुनी आरमारे माघारी गेली आणि त्यांची जागा घेण्याची ऐपत अनेक नव्या राष्ट्रांत नव्हती. व्यापारी जहाजे आकाराने प्रचंड होत गेली. पण यांत्रिकीकरणामुळे त्यांवरील माणसांची संख्या वीस-पंचवीसवर आली. मालाने पूर्ण भरलेल्या तेलवाहू जहाजाचा कठडा पाण्यापासून फार उंच नसतो आणि त्याचा वेगही बेताचा असतो. उलट जलद यंत्र बसविलेली लहान होडी, दोराची शिडी, लोखंडी आकडा आणि स्वस्तात मिळणारी स्वयंचलित बंदूक एवढ्या सामग्रीवर पाच-सहा माणसे असे जहाज ताब्यात घेऊ शकतात.

व्याख्येचा प्रश्न : चाचेगिरीची आज सर्वमान्य असलेली व्याख्या १९५८ च्या जिनीव्हा करारात आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा संकेतात (अनुच्छेद १०१) आढळते. तीत तीन अटी आहेत. कृत्य खाजगी हेतूने झालेले असावे. ते एका जहाजाने दुसऱ्या जहाजाविरुद्ध केलेले असावे. आणि ते खुल्या समुद्रावर, म्हणजे कोणत्याही राष्ट्राच्या अधिकारकक्षेबाहेर घडलेले असावे. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या प्रादेशिक समुद्रात तेच कृत्य घडल्यास कायद्याच्या परिभाषेत ती चाचेगिरी नव्हे. त्यास ‘जहाजावरील सशस्त्र दरोडा’ म्हणतात आणि त्याचा बंदोबस्त करण्याचा अधिकार केवळ त्या किनारी राष्ट्राचा असतो. परिणामी, पाठलाग होत असलेली होडी अदृश्य सीमारेषा ओलांडून आत गेली, की परकीय युद्धनौकेला थांबावे लागते.

प्रत्यक्ष लूट झाली नाही, तरी तिचा प्रयत्न हीदेखील चाचेगिरीच होय, असा निर्वाळा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९३४ मध्ये हाँगकाँगहून आलेल्या एका प्रकरणात दिला होता. ‘खाजगी हेतू’ या अटीचा उगम त्याहून जुना आहे. सत्तेच्या वतीने समुद्रावर बळ वापरणारा आणि स्वतःसाठी लुटणारा यांतील भेद पूर्वी सोयीनुसार केला जात असे. मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांस ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदपत्रांत सर्रास चाचा म्हटलेले आढळते. वस्तुतः दस्तकाशिवाय जाणारी जहाजे अडविण्याचा जो हक्क ते बजावीत, तोच पोर्तुगीजांनीही बजावला होता. आजच्या व्याख्येने हा घोळ मिटविला; पण नवा निर्माण केला. १९८५ मध्ये भूमध्य समुद्रात ‘आकिले लाउरो’ हे इटालियन प्रवासी जहाज प्रवासी म्हणून चढलेल्या पॅलेस्टिनी बंदूकधाऱ्यांनी ताब्यात घेतले. त्यांचा हेतू राजकीय होता आणि दुसरे जहाज या घटनेत नव्हतेच, म्हणून ती चाचेगिरी ठरेना. ही उणीव भरून काढण्यासाठी १९८८ मध्ये रोम येथे सागरी वाहतुकीच्या सुरक्षिततेविरुद्धच्या बेकायदेशीर कृत्यांसंबंधीचा स्वतंत्र करार करण्यात आला. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधील हूथी गटाने तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर केलेले हल्ले चाचेगिरीत मोडत नाहीत, असे जे बहुतेक विधिज्ञ म्हणतात, तेही याच अटीमुळे.

चाचे हे सर्व मानवजातीचे शत्रू असल्याने कोणत्याही राष्ट्राने त्यांस पकडावे व शिक्षा करावी, असे तत्त्व आहे. यास सार्वत्रिक अधिकारिता म्हणतात. मात्र संकेताच्या अनुच्छेद १०५ ची शब्दयोजना पाहण्यासारखी आहे. प्रत्येक राष्ट्र चाच्यांचे जहाज पकडू ‘शकते’ आणि त्याची न्यायालये शिक्षा ठरवू ‘शकतात’. त्यांनी तसे केलेच पाहिजे, असे त्यात म्हटलेले नाही. पुढील सर्व अडचणी या एका क्रियापदात साठविलेल्या आहेत.

आग्नेय आशिया : आधुनिक चाचेगिरीचे पहिले मोठे बळी श्रीमंत जहाजे नव्हती. व्हिएटनाम युद्ध १९७५ मध्ये संपल्यावर लाखो लोक गळक्या होड्यांतून देश सोडू लागले. सोने व दागिने अंगावर बाळगणारी ही कुटुंबे थायलंडच्या आखातात लुटारू कोळ्यांच्या तावडीत सापडली. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या नोंदींनुसार १९८१ मध्ये थायलंडला पोहोचलेल्या ४५२ होड्यांपैकी ३४९ होड्यांवर हल्ले झाले होते आणि प्रत्येकीवर सरासरी तीनदा. मृत व बेपत्ता यांची संख्या ८८१ होती. स्त्रियांवर झालेले अत्याचार व त्यांचे अपहरण हा या प्रकरणातील सर्वांत दारुण भाग होय. या होड्यांवर कोणत्याही राष्ट्राचा ध्वज नव्हता, त्यामुळे त्यांच्या वतीने तक्रार करणारे सरकारही नव्हते. १९८२ मध्ये उच्चायुक्तालयाने अन्य राष्ट्रांच्या पैशाने थायलंडमध्ये गस्तीचा कार्यक्रम सुरू केला.

मलॅकाची सामुद्रधुनी ही हिंदी महासागर व दक्षिण चिनी समुद्र यांना जोडणारी जगातील अतिशय गजबजलेली जलवाट आहे. सिंगापूरजवळ तिचा वाहतुकीचा मार्ग तीन किमी.हूनही अरुंद होतो. दोन्ही काठांवर असंख्य बेटे, खाड्या व कांदळवने आहेत. रात्री मागच्या बाजूने चढून कप्तानाच्या तिजोरीतील रोकड पळविणे हा येथील जुना प्रकार होता. १९९० नंतर त्यात संघटित टोळ्या उतरल्या. त्या संपूर्ण जहाजच पळवीत, त्याचे नाव रंगाने बदलीत, खोटी नोंदणीपत्रे तयार करीत आणि माल विकून टाकीत. अशा जहाजांस ‘भुताळी जहाजे’ हे नाव पडले. जहाज एका देशात नोंदलेले, मालक दुसऱ्या देशाचा, खलाशी तिसऱ्या देशाचे, माल चौथ्याचा, ही सागरी व्यापाराची रीतच या टोळ्यांना सोयीची होती. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या सागरी विभागाने १९९२ मध्ये क्वालालंपुर येथे चाचेगिरीची वर्दी घेणारे केंद्र उघडले. जगभरच्या हल्ल्यांचे आकडे मुख्यतः या केंद्राकडून मिळतात. ते प्रत्यक्षापेक्षा कमी असण्याचा संभव आहे; कारण वर्दी दिल्यास चौकशीसाठी जहाज बंदरात अडकते, विम्याचा हप्ता वाढतो आणि म्हणून लहानसहान दरोड्याची वाच्यता न करण्याकडे मालकांचा कल असतो. या केंद्राने २००० मध्ये जगात ४६९ घटनांची नोंद केली. ही त्या काळातील उच्चतम संख्या होय.

‘अलोंड्रा रेनबो’ : या जपानी मालकीच्या व पनामात नोंदलेल्या जहाजाचे प्रकरण भारताच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ऑक्टोबर १९९९ मध्ये ते सुमारे ७,००० टन ॲल्युमिनियमचे ठोकळे घेऊन सुमात्रातील क्वाला तांजुंग बंदरातून जपानकडे निघाले आणि थोड्याच वेळात बेपत्ता झाले. त्यावरील दोन जपानी अधिकारी व पंधरा फिलिपिनो खलाशी यांना चाच्यांनी एका तराफ्यावर समुद्रात सोडून दिले होते. सुमारे दहा दिवसांनी थायलंडच्या एका मासेमारी नौकेने त्यांस वाचविले. क्वालालंपुर केंद्राने जहाजाचे वर्णन सर्वत्र प्रसृत केले. नोव्हेंबरच्या मध्यास तशाच आकाराचे एक जहाज ‘मेगा रामा’ या नावाने अरबी समुद्रात दिसले. भारतीय तटरक्षक दलाच्या ‘ताराबाई’ या नौकेने त्याचा पाठलाग केला आणि नौदलाच्या ‘प्रहार’ने इशाऱ्याचा गोळीबार करून १६ नोव्हेंबर १९९९ रोजी ते ताब्यात घेतले. चाच्यांनी जहाजाला आग लावून आणि पाणी आत सोडून ते बुडविण्याचा प्रयत्न केला. पण नौसैनिकांनी तो हाणून पाडला व जहाज ओढून मुंबईस आणले. खुल्या समुद्रावर भुताळी जहाज असे हातात सापडल्याचे हे दुर्मिळ उदाहरण असल्याने त्याचा सर्वत्र गौरव झाला.

अडचण त्यानंतर सुरू झाली. पकडलेले पंधराही जण इंडोनेशियन होते. गुन्हा भारतीय हद्दीबाहेर घडलेला, जहाज व माल परकीयांचा, आणि भारतीय दंड संहितेत चाचेगिरी या गुन्ह्याचा उल्लेखही नव्हता. त्यामुळे दरोडा, खुनाचा प्रयत्न यांसारखी जमिनीवरच्या गुन्ह्यांची कलमे लावून आणि इंग्रजी अमदानीतील जुन्या नौकाधिकार कायद्यांचा आधार घेऊन खटला उभा करावा लागला. मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००३ मध्ये चौदा आरोपींना सात वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा दिली. एक आरोपी त्यापूर्वीच मरण पावला होता. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती रद्द करून सर्वांस मुक्त केले. जहाज पकडून साडेपाच वर्षे लोटल्यावर या प्रकरणाचे फलित एवढेच राहिले. चाचेगिरीचा स्वतंत्र कायदा करण्यासाठी भारताला त्यानंतरही सुमारे अठरा वर्षे लागली, ही दिरंगाई क्षम्य म्हणता येणार नाही.

मलॅकातील चाचेगिरी मात्र तोवर ओसरू लागली होती. इंडोनेशिया, मलेशिया व सिंगापूर यांनी जुलै २००४ मध्ये समन्वित गस्त सुरू केली व पुढच्या वर्षी तिला विमानांची जोड दिली. लंडनच्या विमा व्यावसायिकांच्या संयुक्त समितीने २००५ मध्ये सामुद्रधुनीचा समावेश युद्धजोखमीच्या यादीत केला. त्यामुळे वाढणारा हप्ता ही किनारी राष्ट्रांना जागे करणारी मोठीच गोष्ट ठरली आणि ऑगस्ट २००६ मध्ये ती नोंद काढून घेण्यात आली. आचे प्रांतातील बंडखोरांशी २००५ मध्ये झालेला समझोताही याला पूरक ठरला. माहितीच्या देवाणघेवाणीसाठी आशियाई राष्ट्रांनी २००४ मध्ये केलेला प्रादेशिक सहकार्य करार २००६ मध्ये अंमलात आला. भारत त्याचा सदस्य असून त्याचे केंद्र सिंगापूर येथे आहे.

सोमालिया : आधुनिक चाचेगिरीचा सर्वांत गाजलेला अध्याय आफ्रिकेच्या शृंगप्रदेशात घडला. जानेवारी १९९१ मध्ये सीआद बारे यांची राजवट कोसळल्यावर सोमालियात सर्वमान्य सरकार उरले नाही. तीन हजार किमी.हून अधिक लांबीचा त्याचा किनारा निराधार झाला आणि परदेशी यांत्रिक नौका तेथे मनमानी मासेमारी करू लागल्या. स्थानिक कोळ्यांनी त्यांस अडवून ‘दंड’ वसूल करावयास सुरुवात केली. ही तक्रार खरी होती. तथापि तीच पुढील सर्व चाचेगिरीचे समर्थन म्हणून सांगितली जाते, ते पटण्यासारखे नाही. जून २००५ मध्ये पळविलेल्या ‘सेमलो’ या जहाजावर सोमालियातीलच उपाशी लोकांसाठी पाठविलेला जागतिक अन्न कार्यक्रमाचा तांदूळ होता. आयल, होब्यो व हरारदेरे या गावांतून चालणारा हा उद्योग तोवर भांडवलदार, शस्त्रपुरवठादार, दुभाषे व पहारेकरी असलेला रीतसर धंदा बनला होता. २००६ च्या उत्तरार्धात इस्लामी न्यायालय संघाची सत्ता काही महिने प्रस्थापित झाली, तेव्हा हरारदेरे येथील चाचेगिरी जवळजवळ थांबली होती. त्या संघाच्या पराभवानंतर ती पुन्हा उफाळली. समुद्रावरील गुन्ह्याचे मूळ जमिनीवरील सत्तेच्या अभावात असते, हे यावरून स्पष्ट दिसते.

मलॅकातील टोळ्यांना माल हवा असे. सोमाली चाच्यांना माल विकण्यासाठी बंदरच नव्हते. त्यांचा माल म्हणजे माणसे. पळविलेले जहाज किनाऱ्याजवळ नांगरून मालकाशी महिनोन्‌महिने वाटाघाटी चालत आणि ठरलेली रोकड विमानातून हवाई छत्रीने जहाजाजवळ टाकली जाई. सप्टेंबर २००८ मध्ये ३३ रणगाडे नेणारे ‘फाइना’ आणि नोव्हेंबरमध्ये सुमारे वीस लक्ष पिंपे खनिज तेल नेणारे ‘सिरियस स्टार’ हे सौदी जहाज चाच्यांच्या हाती पडले, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे वेधले गेले. दोन्ही जहाजे २००९ च्या आरंभी प्रत्येकी सुमारे तीस लक्ष डॉलर घेऊन सोडण्यात आली. जागतिक बँकेच्या एका अभ्यासानुसार एप्रिल २००५ ते डिसेंबर २०१२ या काळात १७९ जहाजे पळविण्यात आली व ३३·९ ते ४१·३ कोटी डॉलर खंडणी दिली गेली. प्रत्यक्ष जहाजावर चढणाऱ्या तरुणाच्या वाट्यास त्यातून ३० ते ७५ हजार डॉलर येत. बाकीचा मोठा हिस्सा समुद्रावर कधीही न जाणाऱ्या भांडवल पुरविणाऱ्यांकडे जाई.

चाच्यांचा पल्ला सतत वाढत गेला. पळविलेली मासेमारी जहाजे व लाकडी वहाणे ‘माता-नौका’ म्हणून वापरून ते किनाऱ्यापासून दीड-दोन हजार किमी. दूर, थेट लक्षद्वीपपर्यंत येऊ लागले. कच्छ-सौराष्ट्रातून पूर्व आफ्रिकेशी पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्या वहाणांना याची मोठी झळ लागली. मार्च २०१० मध्ये भारत सरकारने त्यांना सलाला ते माले या रेषेच्या दक्षिणेस व पश्चिमेस जाण्याची मनाई केली.

नौदलांची मोहीम : सुरक्षा परिषदेने जून २००८ मधील ठराव क्र. १८१६ अन्वये, सोमालियाच्या तत्कालीन संक्रमणकालीन सरकारच्या संमतीने, परकीय युद्धनौकांना त्याच्या प्रादेशिक समुद्रात शिरण्याची मुभा दिली. डिसेंबरमधील ठराव क्र. १८५१ ने ती जमिनीवरील कारवाईपर्यंत वाढविली. यूरोपीय संघाची ‘अटलांटा’ मोहीम, नाटो संघटनेचे आरमार, अमेरिकेच्या पुढाकाराने स्थापन झालेले संयुक्त कृतिदल १५१, तसेच भारत, चीन, रशिया, जपान इ. राष्ट्रांची स्वतंत्र पथके एकाच समुद्रात गस्त घालू लागली. एरवी एकमेकांकडे संशयाने पाहणाऱ्या आरमारांनी येथे वेळापत्रके जुळवून काम केले, ही सागरी इतिहासातील लक्षणीय घटना होय. एडनच्या आखातात आखून दिलेल्या मार्गपट्ट्यातून व्यापारी जहाजे तांड्याने नेली जात. कठड्याला काटेरी तारांची वेटोळी, पाण्याचे जोरदार फवारे, वाढविलेला वेग आणि हल्ला झाल्यास खलाशांनी आतून बंद करून बसावयाची भक्कम खोली असे उपाय जहाजांनी योजले. २०१० नंतर खाजगी सशस्त्र पहारेकरी नेमण्याची पद्धत रूढ झाली. वर्दी केंद्राच्या आकड्यांनुसार सोमाली चाच्यांचे हल्ले २०११ मध्ये २३७ होते. २०१२ मध्ये ते ७५ वर आणि २०१३ मध्ये १५ वर उतरले.

भारतीय नौदलाची गस्त २३ ऑक्टोबर २००८ पासून सुरू झाली. पुढच्याच महिन्यात ‘तबर’ या युद्धनौकेने आव्हान न जुमानणारी एक माता-नौका बुडविली. ती थायलंडची पळविलेली मासेमारी नौका होती आणि तिच्यावर ओलीस खलाशी होते, हे नंतर उघड झाले. त्यांतील एकच जण जिवंत सापडला. चाचे आणि त्यांचे बळी एकाच नौकेवर असतात, ही अशा कारवाईतील सर्वांत कठीण गोष्ट होय. २०११ मध्ये लक्षद्वीपच्या परिसरात नौदल व तटरक्षक दलाने चार कारवायांत शंभराहून अधिक चाच्यांना पकडले. २८ जानेवारीस ‘प्रांतले १४’ या नौकेवरून १५ चाचे पकडून २० खलाशी सोडविण्यात आले. मार्चमध्ये ‘व्हेगा ५’ वरून ६१ चाचे हाती लागले. सर्वांस मुंबईत आणून त्यांच्यावर खटले भरण्यात आले. ‘अलोंड्रा रेनबो’ प्रकरणापासून कायदा बदललेला नव्हता. ‘प्रांतले १४’ वरील आरोपींना शिक्षा झाली, ती २०१७ मध्ये.

या अटकांची किंमत भलत्याच लोकांना मोजावी लागली. सप्टेंबर २०१० मध्ये पळविलेल्या ‘अस्फाल्ट व्हेंचर’ या जहाजावर १५ भारतीय होते. एप्रिल २०११ मध्ये खंडणी मिळाल्यावर चाच्यांनी जहाज व आठ जण सोडले. परंतु भारताने पकडलेल्या आपल्या साथीदारांच्या बदल्यात उरलेले सात जण किनाऱ्यावर नेले. पैसे घेऊनही ओलीस न सोडण्याचा हा प्रकार धंद्याच्या त्यांच्याच रीतीला सोडून होता. या सात जणांची सुटका ३० ऑक्टोबर २०१४ रोजी, म्हणजे चार वर्षांहून अधिक काळाने झाली.

खाजगी आणि लष्करी पहाऱ्यालाही दुसरी बाजू आहे. जहाज कंपन्या व विमेदार यांनी २०१० मध्ये धोक्याच्या क्षेत्राची पूर्वसीमा ७८° पूर्व रेखावृत्तापर्यंत, म्हणजे भारताच्या पश्चिम किनाऱ्याला वळसा घालून पलीकडे नेली. त्यामुळे सशस्त्र पहारा असलेली जहाजे भारतीय मच्छीमारांच्या नेहमीच्या वावरात आली. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्यालगत ‘एन्‍रिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरील नौसैनिकांनी एका मासेमारी बोटीस चाच्यांची समजून गोळीबार केला व त्यात दोन मच्छीमार ठार झाले. लवाद न्यायाधिकरणाने २०२० मध्ये खटल्याचा अधिकार इटलीचा ठरवून भारतास भरपाई देवविली. २०२१ मध्ये दहा कोटी रुपयांची रक्कम जमा झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने भारतातील प्रकरण बंद केले. धोक्याच्या क्षेत्राची सीमा भारताच्या आग्रहामुळे डिसेंबर २०१५ पासून ६५° पर्यंत मागे घेण्यात आली आणि जानेवारी २०२३ पासून ते क्षेत्रच रद्द झाले.

पकडलेल्यांचे काय करावयाचे हा पेच इतर नौदलांनाही चुकला नाही. अनेकदा शस्त्रे समुद्रात फेकून, होडीत अन्न-पाणी ठेवून चाच्यांना सोडून देण्यात येई. केन्या व सेशेल्स यांनी परकीय मदतीच्या मोबदल्यात खटले चालविण्याचे मान्य केले. पण तुरुंग भरल्यावर केन्याने २०१० मध्ये हात आखडता घेतला. पुढे वीसहून अधिक देशांत मिळून एक हजारांवर आरोपी व कैदी झाले. ते बहुतेक धंद्यातील शेवटच्या पायरीवरचे तरुण होते. मोठ्या सूत्रधारांपैकी ‘अफवेने’ या नावाने ओळखला जाणारा मोहंमद अब्दी हसन चित्रपटाच्या कामाच्या आमिषाने २०१३ मध्ये ब्रूसेल्सला आला आणि पकडला गेला. बेल्जियमच्या न्यायालयाने २०१६ मध्ये त्यास वीस वर्षांची शिक्षा दिली. असे उदाहरण विरळाच.

गिनीचे आखात : पश्चिम आफ्रिकेतील चाचेगिरी नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातील तेलाशी निगडित आहे. आरंभी तेल चोरण्यासाठी जहाजे पळविली जात. तेलाचे भाव घसरल्यावर टोळ्यांनी अधिकाऱ्यांना उचलून खाड्यांतील छावण्यांत डांबण्याचा मार्ग धरला. २०२० मध्ये जगात अपहृत झालेल्या १३५ खलाशांपैकी १३० या आखातातील होते. डिसेंबर २०१९ मध्ये एका तेलवाहू जहाजावरून नेलेल्या १९ जणांत १८ भारतीय होते. येथे सार्वभौम सरकारे असल्याने परकीय आरमारांना सोमालियासारखी मोकळीक नव्हती. २०१३ ची याउंदे आचारसंहिता, नायजेरियाने २०१९ मध्ये केलेला चाचेगिरीविरोधी कायदा आणि वाढविलेली गस्त यांनंतर तेथील घटना २०२१ मध्ये निम्म्याहून कमी झाल्या.

अलीकडील घडामोडी : जगातील एकूण घटना २०२१ मध्ये १३२, २०२२ मध्ये ११५ व २०२४ मध्ये ११६ होत्या. सिंगापूरच्या सामुद्रधुनीत रात्रीच्या लहान चोऱ्या पुन्हा वाढल्या असून २०२४ मध्ये त्यांची संख्या ४३ होती. सोमालियासंबंधीची सुरक्षा परिषदेची मुभा मार्च २०२२ मध्ये संपुष्टात आली. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांकडे आरमारे वळताच सोमाली टोळ्यांनी पुन्हा डोके वर काढले. १४ डिसेंबर २०२३ रोजी त्यांनी माल्टाचा ध्वज असलेले ‘रुएन’ पळविले. तीन महिने ते त्यांच्या ताब्यात होते. मार्च २०२४ मध्ये भारतीय नौदलाच्या ‘कोलकाता’ने भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किमी. अंतरावर त्यास रोखले; वायुसेनेच्या विमानातून सागरी कमांडो उतरविण्यात आले आणि सुमारे चाळीस तासांच्या कारवाईनंतर ३५ चाचे शरण आले. १७ खलाशी सुखरूप सुटले. आरोपींना २३ मार्चला मुंबई पोलिसांच्या हवाली करण्यात आले.

या वेळी पोलिसांच्या हाती कायदा होता. सागरी चाचेगिरीविरोधी अधिनियम, २०२२ हा फेब्रुवारी २०२३ मध्ये अंमलात आला. सागरी कायदा संकेतातील व्याख्या त्यात जवळजवळ जशीच्या तशी घेतली असून अनन्य आर्थिक क्षेत्र आणि त्यापलीकडील समुद्र यांस तो लागू आहे. आरोपी व जहाज कोणत्याही राष्ट्राचे असले, तरी भारतीय नियुक्त न्यायालयांना खटला चालविता येतो. शिक्षा आजन्म कारावासापर्यंत असून, कृत्यात मृत्यू घडल्यास वा तसा प्रयत्न झाल्यास मृत्युदंडाचीही तरतूद आहे. मृत्युदंडामुळे काही राष्ट्रे आरोपी वा पुरावा हवाली करण्यास नाखूश राहतील, असा आक्षेप विधेयकाच्या चर्चेतच घेण्यात आला होता आणि त्यात तथ्य आहे. साक्षीदार खलाशी हे निरनिराळ्या देशांचे व सतत फिरतीवर असलेले असतात. वर्षानुवर्षांनी त्यांस साक्षीसाठी मुंबईस आणणे ही जुनी अडचण नव्या कायद्याने आपोआप दूर होत नाही.

ओलीस ठेवलेल्या खलाशांच्या हक्कांकडे सर्वांत उशिरा लक्ष गेले. नोकरीचा करार बंदिवासात संपला, या सबबीवर मालक कुटुंबाला पगार देणे थांबवू शकत असे. सागरी कामगार संकेतात २०१८ मध्ये सुधारणा करण्यात येऊन, चाचेगिरीमुळे बंदिवासात असलेल्या खलाशाचे वेतन कराराची मुदत संपली तरी त्याच्या सुटकेपर्यंत चालू राहिले पाहिजे, असा नियम करण्यात आला. तो २६ डिसेंबर २०२० पासून अंमलात आहे.